रोध वाढवला तर तार जास्त तापते की कमी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला का ते तुम्हालाही कळेल. थर्माकोल कापायला तुम्ही तापत्या तारेचं यंत्र केलं. ०.५ मिलिमीटर जाडीची नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची तार, लांबी एक मीटर, आणि १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. थर्माकोल कापला जात होता, पण रडतखडत. ‘उष्णता रोधाच्या समप्रमाणात असते’ हे पुस्तकातलं वाक्य आठवून तुम्ही तार दोन मीटर केली. रोध दुप्पट झाला आणि तार जेमतेम कोमट. वैतागून पंचवीस सेंटीमीटरचा तुकडा लावलात, तर अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागला आणि तार तापलीच नाही. या सगळ्या खटाटोपात जोडाजवळच्या वायरचं प्लास्टिक मात्र वितळलं. आता तुम्ही विचारताय की पुस्तक चुकलं की तार चुकली.

दोन्ही बरोबर आहेत. हीटरच्या कॉइल गुंडाळण्यात आणि जळकी टर्मिनलं बदलण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा गोंधळ मी शिकाऊ पोरांमध्येही पाहिलाय आणि चांगल्या शिकलेल्या माणसांमध्येही. कारण ‘रोध जास्त असला तर उष्णता जास्त की कमी?’ हा प्रश्नच अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की रोध बदलताना बाकीचं काय तसंच राहिलं? करंट तोच राहिला की व्होल्टेज?

उष्णतेची दोन सूत्रं तुम्ही शिकला असाल. एकात दर सेकंदाची उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. दुसऱ्यात व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. एकात रोध वर बसलाय, दुसऱ्यात खाली, म्हणून ती भांडतायत असं वाटतं. भांडण काही नाही. ओहमच्या नियमाने (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध) एकातून दुसरं सरळ निघतं. फक्त पहिलं वापरताना करंट आपल्या हातात आहे असं गृहीत असतं आणि दुसरं वापरताना व्होल्टेज. ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली पाण्यात तारेची वेटोळी बुडवून पाण्याचं तापमान किती चढतं ते मोजलं, तेव्हा वेगवेगळ्या तारांतून त्याने तोच करंट नेला होता. तोच करंट असेल तर जास्त रोधाची तार जास्त तापणारच. तुमच्या पुस्तकातलं वाक्य तिथून आलंय, पण ‘तोच करंट असताना’ हे शब्द वाटेत गळून गेले.

तुमचा अडॅप्टर मात्र व्होल्टेज धरून बसणारा प्राणी आहे. काहीही जोडा, जमेल तोवर तो १२ व्होल्टच देणार. करंट किती जाईल ते तार ठरवते.

आता तुमच्याच तारेचा हिशेब. ०.५ मिलिमीटर जाडीच्या नायक्रोमचा रोध दर मीटर लांबीला साधारण ५.५ ओहम. एक मीटर तारेतून १२ भागिले ५.५, म्हणजे २.२ अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि उष्णता होते २६ वॅट. दोन मीटर केलीत, रोध ११ ओहम, करंट १.१ अँपिअर, उष्णता १३ वॅट. एवढ्यावर थांबलात तर ‘निम्मी झाली’ असं म्हणाल. पण ती निम्मी उष्णता आता दुप्पट लांबीवर पसरलीय. पूर्वी मीटरला २६ वॅट होते, आता साडेसहा. म्हणजे तारेच्या प्रत्येक सेंटीमीटरच्या वाट्याला पूर्वीच्या पाव उष्णता आली. म्हणून तार थोडी कमी गरम न होता थेट कोमट झाली. थर्माकोलला तुमचे एकूण वॅट ठाऊक नसतात, त्याला टेकलेल्या सेंटीमीटरपुरतंच कळतं.

हीच दोन मीटर तार मधून कापली असती आणि एक-एक मीटरचे दोन तुकडे शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडले असते, तर? प्रत्येक तुकड्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले असते, प्रत्येकात २६ वॅट, एकूण ५२. तार तीच, लांबी तीच, अडॅप्टर तोच. एका जोडणीत १३ वॅट आणि दुसरीत ५२. जुन्या हीटरांमधलं तीन टप्प्यांचं स्विच याच करामतीवर चालायचं. आत एकसारखी दोन एलिमेंट. मंद आचेला दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, मध्यम आचेला एकच, मोठ्या आचेला दोन्ही पॅरलल. हजार-हजार वॅटची असली तर ५००, १००० आणि २००० वॅट. ज्याने पहिल्यांदा अशी जोडणी केली त्याला मी मनातल्या मनात बऱ्याचदा दाद दिलीय.

नवीन मुलगा कामाला आला की मी त्याच्यापुढे तीन वस्तू ठेवायचो: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, हजार वॅटची कॉइल आणि दोन हजार वॅटचं पाणी तापवायचं एलिमेंट, तिन्ही २३० व्होल्टची. हातात मल्टिमीटर द्यायचो आणि विचारायचो, सगळ्यात जास्त रोध कशाचा असेल? जवळजवळ प्रत्येक जण दोन हजार वॅटच्या एलिमेंटकडे बोट दाखवायचा. मग मोजायचा. एलिमेंट साडेसव्वीस ओहमच्या जवळपास, कॉइल त्रेपन्न, आणि ते बोटाएवढं सोल्डरिंग आयर्न दोन हजार ओहमच्या घरात. मीटर बिघडलाय म्हणून बॅटरी बदलणारेही पाहिलेत.

तर मग हीटरला नायक्रोमच का, तांबं का नाही? तांब्याचा रोध कमी, मग तांब्याची तार जास्त तापायला नको का? हा उलट प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर चांगली खूण आहे. एक मीटर, ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०९ ओहमच्या आसपास, म्हणजे नायक्रोमच्या साठाव्या भागाहून थोडा कमी. १२ व्होल्टला हिशेबाने १३० अँपिअरच्या वर करंट आणि दीड हजारावर वॅट. कागदावर झकास. पण तेवढा करंट देणार कोण, आणि तो वाहून आणणार कोण?

दुसरं सूत्र आंधळेपणाने वापरलं की रोध शून्य केला तर उष्णता अनंत, असं निघतं. असं होत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मग जातं कुठे? सोपे आकडे घेऊ. उगम, म्हणजे वीज देणारा, १२ व्होल्टचा, भक्कम, कितीही करंट देईल असा. त्याच्यापासून हीटरपर्यंतच्या वायरी, जोड आणि उगमाच्या पोटातला रोध मिळून अर्धा ओहम.

हीटर साडेपाच ओहमचा असेल तर एकूण सहा ओहम, करंट २ अँपिअर. हीटरमध्ये २२ वॅट, वायरींत २. छान.

हीटर एक ओहमचा केला, करंट ८ अँपिअर. हीटरमध्ये ६४ वॅट, वायरींत ३२. उष्णता वाढली, पण वायर हाताला गरम लागायला लागली.

हीटर अर्ध्या ओहमचा. करंट १२ अँपिअर, हीटरमध्ये ७२ वॅट, वायरींतही ७२. या जोडणीतून हीटरमध्ये याहून जास्त उष्णता निघूच शकत नाही. अर्धी हीटरला, अर्धी वाटेत.

आणखी खाली या, हीटर ०.१ ओहमचा. करंट २० अँपिअर. हीटरमध्ये ४० वॅट, वायरींत २००. आणि हीटरचा रोध शून्य केलात तर २४ अँपिअर, २८८ वॅट, सगळेच्या सगळे वायरींत. यालाच आपण शॉर्ट म्हणतो. शॉर्टमध्येही उष्णता भरपूर असते, फक्त ती नको त्या जागी होते.

हे पाच आकडे एकदा स्वतः कागदावर करून बघा. मी सांगितलेलं विसराल, स्वतः मांडलेलं विसरणार नाही. हीटरचा रोध मोठा हवा की लहान याचं उत्तर त्यातच आहे. वायरींच्या मानाने मोठा हवा, म्हणजे उष्णता हीटरमध्येच होईल. आणि व्होल्टेजच्या मानाने पुरेसा लहान हवा, म्हणजे हवे तेवढे वॅट मिळतील. या दोन कुंपणांच्या मध्ये काम करायचं. नायक्रोम बरोबर या मधल्या जागेत बसतं. मीटर-दोन मीटर तारेत कामाचा रोध मिळतो. शिवाय तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि तो आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. तांबं किंवा साधं लोखंड लाल होईपर्यंत रोज तापवलं तर खपल्या पडून काही दिवसांत संपेल. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ साली या मिश्रधातूचं पेटंट घेतलं आणि आजही हीटरच्या कामात तो सर्रास वापरला जातो.

आता तुमच्या पंचवीस सेंटीमीटरच्या तुकड्याचं. रोध १.४ ओहम, मागितलेला करंट ८.७ अँपिअर. अडॅप्टर ५ अँपिअरचा. हल्लीचे अडॅप्टर जास्त भार दिसला की आउटपुट बंद करतात, क्षणभर थांबतात, पुन्हा देऊन बघतात, पुन्हा बंद करतात. अडॅप्टरला उचकी लागली म्हणा. दिवा लुकलुकत होता तो त्यामुळे. तार तापली नाही कारण तिला सलग करंट मिळालाच नाही. अडॅप्टर चांगला होता म्हणून वाचलात. असं संरक्षण नसलेला स्वस्तातला असता तर तोच तापून गेला असता.

इथपर्यंतचं एका दमात: अख्ख्या तारेचा विचार करताना व्होल्टेज ठरलेलं आहे, म्हणून तार आखूड केली की वॅट वाढतात, लांब केली की घटतात. आणि उगमाला झेपेल तिथवरच आखूड करता येते.

पण मग वितळलेलं प्लास्टिक? ते तर दुसऱ्याच सूत्राचं काम. आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग तोच आहे, बाकीचं शाळेचं गणित आहे.

बघा, सर्किटमध्ये एकच वाट असेल तर तिच्या प्रत्येक ठिकाणाहून तोच करंट जातो. अडॅप्टरची वायर, पीळ मारलेला जोड, नायक्रोम, परत जोड, परत वायर, सगळीकडे २.२ अँपिअर. या साखळीतल्या एखाद्या छोट्या जागेचा रोध थोडा वाढला तर एकूण करंट फारसा बदलत नाही, तो नायक्रोमनेच ठरवलेला असतो. म्हणजे त्या छोट्या जागेपुरता करंट ठरलेला आहे, आणि तिथे ‘रोध जास्त, उष्णता जास्त’ हे पुस्तकातलं वाक्य तंतोतंत लागू पडतं. अख्ख्या कॉइलला व्होल्टेजवालं सूत्र लावा, कॉइलमधल्या एका ठिपक्याला करंटवालं. हे एवढं ज्याच्या डोक्यात बसलं त्याला माझ्या धंद्यातली निम्मी अक्कल आली.

तुम्ही तांब्याची वायर नायक्रोमभोवती नुसती पिळली होती. दोन गोल तारा एकमेकींना टेकतात त्या काही मोजक्या ठिपक्यांत. वरून नायक्रोमला ऑक्साइडचा थर. अशा जोडाचा रोध ०.३ ओहम असणं काही विशेष नाही. मग त्या जागी दीड वॅटच्या जवळपास उष्णता होणार. दीड वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलीय आणि वर प्लास्टिकची गोधडी. त्यात खुद्द तापलेल्या तारेतूनही थोडी उष्णता जोडाकडे सरकत असते. प्लास्टिकने जायचं कुठे?

मोठ्या करंटला हाच प्रकार किती महाग पडतो त्याचा माझ्या कामातला एक किस्सा. एका भट्टीत २३ ओहमचा, १० अँपिअर घेणारा हीटर होता आणि त्याचं एक टर्मिनल काही महिन्यांत तीनदा जळालं. पहिल्यांदा टर्मिनल ब्लॉक बदलला. दुसऱ्यांदा हीटर बदलला, उगाच. तिसऱ्यांदा मला बोलावलं, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, फ्यूज जरा मोठा टाकून बघू का? मी म्हटलं, फ्यूजचा इथे काय दोष, तो तर उडालाच नाही. भट्टी चालू असताना टर्मिनलच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर धरून व्होल्टेज मोजलं. चांगल्या टर्मिनलवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे पॉइंट एक वॅट, नगण्य. जळणाऱ्या टर्मिनलवर १.२ व्होल्ट. १० अँपिअरने गुणा, १२ वॅट. पेरभर जागेत अखंड १२ वॅट म्हणजे तिथे एक लहानसं सोल्डरिंग आयर्न कायमचं चालू ठेवल्यासारखं. वायर काढून पाहिली तर टोकाचं थिम्बल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, क्रिंपिंगच्या हत्याराने न दाबता साध्या पकडीने चेपलेलं. ओढलं तर हातात आलं. ब्लॉक दोनदा नवा आला, हीटर नवा आला, थिम्बल मात्र पहिल्या दिवसापासून तेच.

फ्यूज का उडाला नाही? ०.१२ ओहमची भर पडल्यावर करंट १० अँपिअरवरून ९.९५ वर आला, म्हणजे उलट किंचित कमी झाला. फ्यूज असो की एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारी कळ), जास्त करंट दिसला तरच ती जागी होते. सैल जोड करंट वाढवत नाही. तो शांतपणे तापतो, तापला की पसरतो, गार झाला की आकसतो, दर खेपेला आणखी सैल होतो, काळा पडतो, रोध वाढतो, आणखी तापतो. म्हणून गरम लागणारा प्लग किंवा पिवळट पडलेलं सॉकेट दिसलं की मी फ्यूजच्या भरवशावर बसत नाही. आणि चालू मेन्सवर, म्हणजे २३० व्होल्टच्या लाइनवर, मीटर धरून मोजायचं काम ज्याला सवय आहे त्यानेच करावं. तुमच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर मात्र खुशाल करा, शिकायला उत्तम जागा आहे.

कॉइलसुद्धा अशीच मरते. तार गुंडाळताना कुठेतरी ओरखडा पडला किंवा ताणली जाऊन एक जागा बारीक झाली. त्या जागेचा रोध शेजाऱ्यांहून जास्त, करंट तोच, म्हणून ती जागा जास्त लाल. जास्त लाल म्हणून तिथलं ऑक्सिडेशन जास्त, म्हणून ती आणखी बारीक. अंधारात चालू कॉइलकडे नीट पाहिलं तर मरायच्या आधी कधीकधी एक ठिपका उजळ दिसतो. तुटते तिथेच.

तुटलेली कॉइल पीळ मारून जोडणारे पुष्कळ आहेत. वेळ मारून न्यायला मीही जोडलीय. पण प्रत्येक वेळी तुटकं टोक छाटावं लागतं आणि तार थोडी आखूड होते. समजा दहावा भाग गेला. रोध दहा टक्के कमी, एकूण वॅट अकरा टक्के जास्त, आणि ते उरलेल्या नऊ भागांवर, म्हणजे दर सेंटीमीटरला तेवीस टक्के जास्त. ‘जोडल्यापासून चांगली तापते’ असं सांगत गिऱ्हाईक खूश असतं. ती चांगली तापते म्हणूनच लवकर परत येते.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती कबूल करायला हवी. वर मी सगळीकडे वॅट बोललो, तापमान नाही. मीटरला इतके वॅट म्हणजे तार इतक्या अंशांवर जाईल, असं मी ठामपणे सांगणार नाही. उष्णता होते किती ते सर्किट ठरवतं, पण तार किती तापते ते उष्णता निघून जाण्यावर ठरतं. तीच तार पंख्याच्या वाऱ्यात गार राहील, थर्माकोलमध्ये रुतली की वेगळी वागेल आणि बंद पेटीत लाल होईल. हवेत ठीक चालणारी कॉइल डब्यात बंद केली की जळते ती याच कारणाने. वॅट काही वाढलेले नसतात.

आणखी एक बारकावा. तापल्यावर रोध बदलतो. नायक्रोममध्ये हा फरक काही टक्क्यांचा, त्यामुळे गार तार मोजून केलेला हिशेब आपल्या कामाला पुरतो. टंगस्टनच्या जुन्या बल्बला ही सवलत नाही. ६० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना ८८० ओहमच्या घरात, आणि गार असताना मीटरवर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसतो. म्हणून बल्ब मोजून ओहमचा नियम तपासायला जाऊ नका, फसाल.

आता तुम्ही काय करावं. पहिलं, तारेची जाडी कॅलिपरने किंवा मायक्रोमीटरने मोजा. ०.५ म्हणून घेतलेली तार ०.४ निघाली तर रोध मीटरला ५.५ ऐवजी पावणेनऊच्या आसपास जातो आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. मीटरने रोध मोजणार असाल तर आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय दिसतं ते पाहा. पिनांच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, तो वजा करा.

तार खरंच ०.५ ची असेल तर माझ्या अंदाजाने ८० सेंटीमीटर लावून बघा. ४.४ ओहम, २.७ अँपिअर, एकूण ३३ वॅट. एकूण आकडा फार वाढलेला दिसत नाही, पण मीटरला २६ ऐवजी ४१ वॅट होतात, दीडपटीहून जास्त. अजून हवं वाटलं तर पाच-पाच सेंटीमीटरने कमी करत जा. थेट ५० वर उडी मारू नका. तिथे करंट ४.४ अँपिअर, अडॅप्टर काठावर, मीटरला शंभराच्या वर वॅट, आणि तार बहुधा लाल होईल. लाल तारेची इथे गरज नाही. थर्माकोलमधून धूर निघायला लागला की तार जास्त तापलीय असं समजा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका आणि खिडकी उघडी ठेवून काम करा. नुसता वितळून वाट करून देईल एवढंच तापमान हवं.

एक मीटरची चौकट तशीच ठेवायची असेल तर तार आखूड न करता थोडी जाड घ्या. ०.६ मिलिमीटरची घेतलीत तर रोध मीटरला ३.९ ओहमच्या आसपास, करंट तीन अँपिअरच्या थोडा वर.

जोडासाठी सोल्डर वापरू नका. नायक्रोमच्या ऑक्साइडवर ते धरत नाही, आणि धरलं तरी नेहमीचं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांच्या पुढे पातळ होतं. दोन्ही टोकांना पितळेचा बोल्ट, दोन वॉशर आणि नट घ्या. नायक्रोम आणि वायरचं थिम्बल वॉशरांमध्ये दाबून आवळा. बोल्टचा धातू भरपूर, त्यामुळे जोडाची उष्णता तो पसरवून टाकतो. शिवाय नायक्रोमचं शेवटचं पाच-सात सेंटीमीटर टोक दुमडून स्वतःवरच पीळ मारा, म्हणजे तिथे तार दुहेरी होईल. दुहेरी तारेचा रोध निम्मा, करंट तोच, म्हणून त्या भागात उष्णता निम्मी. टर्मिनलपाशी शेपूट गार ठेवायची आमची ही जुनी पद्धत आहे, आणि पुस्तकातलं वाक्य इथे तुमच्या बाजूने काम करतं.

तार तापली की लांब होते. मीटरभर तार तीनशे अंशांनी तापली तर चारेक मिलिमीटर. तेवढ्याने ती सैल पडते आणि काप वाकडा जातो, म्हणून एका टोकाला स्प्रिंग लागेल. पण करंट स्प्रिंगमधून नेऊ नका. थिम्बल स्प्रिंगच्या अलीकडे, तारेवरच बसवा. नाहीतर स्प्रिंग तापून तिचा ताण जातो, आणि ती का ढिली पडली ते शोधण्यात तुमची एक संध्याकाळ जाते. माझी गेलीय.

राहिला तो मोह, जो तुम्ही विचारला नाहीत पण अडॅप्टरवर वैतागून सुचू शकतो: तार लांब करून थेट २३० व्होल्टला लावणं किंवा मधे डिमर टाकणं. गणित बसतं, तार तापेल. पण ती उघडी तार आहे आणि तुमचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर असणार. डिमर आच कमी करतो, मेन्सपासून तुम्हाला वेगळं करत नाही. १२ व्होल्टवरच राहा. जास्त वॅट हवे असतील तर १२ व्होल्टचाच १० अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि त्याच्यापासून येणारी वायरही त्या मानाने जाड घ्या.

सगळं बसवून दहा मिनिटं चालू ठेवा, मग मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एक पिन वॉशरला अगदी लागून नायक्रोमवर आणि दुसरी वायरच्या थिम्बलवर ठेवा. तीच मोजणी दुसऱ्या टोकाला. पाच-दहा मिलिव्होल्टच्या आत दिसलं तर जोड पक्का. शंभराच्या वर गेलं तर नट पुन्हा आवळा, आणि तरीही आकडा उतरला नाही तर नायक्रोमचं टोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून परत बसवा.